नारिंगी भुकटी आणि परिचराचे हात

२०२३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. बसा म्हटले तरी बराच वेळ उभेच राहिले. मग दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून म्हणाले, "जयभीम वकीलसाहेब. हे बघा." बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला गोल, खोलगट व्रण होते, जणू कुणी पंचिंग मशीनने टोचून काढले असावेत. तळहाताला भेगा पडल्या होत्या. बोलताना ते मधूनमधून नाकाला रुमाल लावत होते.

एका अनुदानित महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ते ११ वर्षे परिचर होते. परिचर म्हणजे कागदोपत्री ठेकेदाराचा माणूस. सर सांगतील तेवढी पूड तोलून द्यायची, द्रावणे करायची, बाटल्या भरायच्या, काचसामान धुवायचे, टेबले पुसायची आणि उरलेले सगळे सिंकमध्ये ओतायचे, हे त्यांचे काम. त्या कपाटात एका डब्यात नारिंगी रंगाची पूड असे. तिला ते 'नारिंगी साखर' म्हणत. सांडली तर झाडूने गोळा करत. हाताला लागली तर पँटला पुसत. कधी कधी त्याच हातावर तंबाखू मळत.

व्रण वाढले तेव्हा ठेकेदाराने "उद्यापासून येऊ नकोस" म्हणून सांगितले. मेहुण्याच्या ओळखीने ते गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून लागले. आठ दिवसांत सिमेंटने हात फुटले. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी झाली आणि निदान आले, क्रोमियमची ॲलर्जी. त्यांचा प्रश्न साधा होता. "ठेकेदार म्हणतो हे सिमेंटनं झालं. कॉलेज म्हणतं तू आमचा माणूसच नव्हतास. मग साहेब, माझे हात खाल्ले कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला त्या डब्याचा अभ्यास करावा लागला. मी शास्त्रज्ञ नाही, वकील आहे. पण जे समजले ते आपल्या समाजापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. आज आपली मुले-मुली मोठ्या संख्येने विज्ञान शाखेत आहेत, आणि त्याच प्रयोगशाळांमध्ये बाटल्या धुणारे, फरशी पुसणारे हातही पुष्कळदा आपलेच आहेत.

त्या भुकटीचे नाव पोटॅशियम डायक्रोमेट. दिसायला सुंदर, नारिंगी-लाल, स्फटिकासारखी. हिच्यातील क्रोमियम हे हेक्साव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचे क्रोमियम आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. तीन संयुजेचे क्रोमियम पेशीत सहजी शिरत नाही, त्यामुळे ते तुलनेने बरेच कमी घातक. सहा संयुजेच्या क्रोमियमचे तसे नाही. सल्फेट हा शरीराला लागणारा घटक असल्यामुळे त्याला आत घेण्याची सोय पेशीच्या भिंतीत असते. क्रोमेटची ठेवण हुबेहूब सल्फेटसारखी. म्हणून ते सल्फेटच्याच दाराने आत शिरते, आत गेल्यावर त्याचे रूपांतर होऊ लागते आणि त्या झटापटीत डीएनएची मोडतोड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० च्या प्रबंधात सहा संयुजेच्या क्रोमियमची संयुगे पहिल्या गटात टाकली आहेत. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्यांच्याविरुद्ध आहे, त्यांचा हा गट.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फुप्फुसाच्या कर्करोगाचा हा पुरावा मुख्यतः क्रोमेटच्या कारखान्यांत, रंगद्रव्याच्या आणि क्रोम प्लेटिंगच्या कामात वर्षानुवर्षे धूळ किंवा फवारा श्वासात घेणाऱ्या कामगारांवरून मिळाला आहे. वर्षातून दोनदा चिमूटभर पूड वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे कर्करोग होईल असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण जो माणूस रोज डबा उघडतो, रोज झाडू मारतो, रोज काच धुतो, त्याचा हिशेब विद्यार्थ्याच्या हिशेबाने करता येत नाही. त्याच्या कातडीवर व्रण पडतात. नाकातील पडद्याला जखम होऊन पुढे भोक पडू शकते. आणि एकदा क्रोमियमची ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर सोबत राहते. हे व्रण अनेकदा फारसे दुखतही नाहीत. त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो, आणि काम करून घेणाऱ्याला ते सोयीचे पडते.

ही ॲलर्जी माणसाच्या पोटावर कशी मारते ते पहा. सिमेंटमध्येही सहा संयुजेच्या क्रोमियमचा अंश असतो. युरोपीय देशांत २००५ पासून नियम आहे की ओल्या सिमेंटमध्ये याचे प्रमाण दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा अधिक असता कामा नये. फेरस सल्फेट मिसळून ते तिथे कमी केले जाते. आपल्याकडे बिगाऱ्याच्या हातात येते ते सिमेंट तसे असेलच याची हमी त्याला कोण देणार? म्हणजे प्रयोगशाळेत जडलेल्या ॲलर्जीने या माणसाला बांधकामाच्या मजुरीलाही नालायक केले. गरिबाला एक काम सुटले तर दुसरे धरता यावे एवढाच आधार असतो. तोही गेला. आणि रुग्णालयात पट्टीवर लावून ज्याने निदान केले, ते औषध म्हणजे त्याच पोटॅशियम डायक्रोमेटचे अगदी सौम्य मिश्रण होते. ११ वर्षे पूड हाताळली तेव्हा तिचे नाव कुणी सांगितले नाही. नाव कळले ते पाठीवर पट्टी लागल्यावर.

"अहो, हे कुणाला माहीत होते?" असा बचाव केला जातो. तो ऐकूनही घेऊ नये. ग्लासगो येथील डॉक्टर विल्यम क्युमिन यांनी रंगारी कामगारांच्या हातांवर या बायक्रोमेटने पडणारे खोल व्रण पाहिले आणि त्यांची नोंद छापली ती १८२७ साली. १८२७! महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म झाला तेच हे वर्ष. १८९० साली स्कॉटलंडमध्येच क्रोम रंगाच्या कामगाराच्या नाकातील कर्करोगाची नोंद झाली. ज्ञान जुने आहे, छापील आहे, उपलब्ध आहे. प्रश्न एवढाच की ते कुणापर्यंत पोहोचवले गेले आणि कुणाच्या दाराशी थांबवले गेले.

ही पूड आपल्याकडे कुठे कुठे वापरली जाते? बारावीच्या आणि पदवीच्या क्षार-परीक्षणात क्लोराइड ओळखण्यासाठी क्रोमिल क्लोराइड चाचणी करतात. कोरडा क्षार, कोरडी डायक्रोमेट पूड आणि संहत सल्फ्युरिक आम्ल एकत्र तापवतात, आणि नारिंगी-लाल वाफ येते. ती वाफ स्वतःच विषारी. अनेक प्रयोगशाळांत काच चकचकीत करण्यासाठी डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाचे 'क्रोमिक ॲसिड' करून ठेवतात आणि त्यात ब्युरेट-पिपेट बुडवतात. सांडपाण्याची सीओडी चाचणी याच पुडीवर चालते. प्रदूषण मोजण्यासाठी वापरलेले विष पुन्हा नाल्यात जाते की काय, हे विचारणारा कोणी नसतो.

माती परीक्षणातही हीच पूड आहे. वॉकले आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये दिलेल्या पद्धतीने मातीतला सेंद्रिय कर्ब मोजतात, त्यात प्रत्येक नमुन्याला साधारण अर्धा ग्रॅम डायक्रोमेट आणि २० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल लागते. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाल्यापासून अशा नमुन्यांची संख्या फार वाढली. दिवसाला १०० नमुने तपासणारी प्रयोगशाळा दिवसाला सुमारे ५० ग्रॅम पूड वापरते. अनुमापन शेवटपर्यंत नेले तर फेरस क्षारामुळे क्रोमियम तीन संयुजेवर येते हे खरे. पण तोलताना उडालेली धूळ, सांडलेले द्रावण, उरलेली बाटली यांचे अनुमापन कोण करतो?

आकडे थोडे समजून घेऊ. या पुडीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम क्रोमियम असते. अमेरिकेत २००६ साली कामाच्या ठिकाणच्या हवेतील सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी खाली आणली गेली. त्या हिशेबाने एक ग्रॅम पुडीतील क्रोमियम धूळ होऊन उडाले तर ७० हजार घनमीटर हवा त्या मर्यादेला पोहोचते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. म्हणजे एक ग्रॅम पूड सिंकमधून गेली तर ७ हजार लिटर पाणी मर्यादेला टेकते. एक ग्रॅम! आणि आमचे परिचर डब्याच्या तळाशी उरलेली पूड पाण्याने खळबळून सिंकमध्ये ओतत असत.

मग ही पूड वापरायचीच नाही काय? जिथे टाळता येते तिथे टाळावी, हाच पहिला नियम. काच धुवायला प्रयोगशाळेसाठीचे डिटर्जंट मिळते. त्यासाठी क्रोमिक ॲसिड ठेवणे हा निव्वळ जुन्या सवयीचा भाग आहे. क्लोराइडची खात्री सिल्व्हर नायट्रेटने होते. जिथे द्रावणच हवे आहे तिथे पूड न आणता तयार द्रावण विकत घ्यावे, कारण सर्वांत मोठा धोका कोरडी धूळ उडण्याचा आहे.

पूड वापरावीच लागली तर काय करावे, हे परिचर बंधू-भगिनींनी आणि विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. तोलण्यापूर्वी डोक्यावरचा पंखा बंद करा आणि शक्य तर फ्यूम हूडमध्ये तोला. हातात नायट्राइलचे हातमोजे हवेत, कापडी नकोत. कापडी मोजा ओला झाला की विष कातडीला धरून ठेवतो. मोजा फाटला, डागळला की बदला. डोळ्यांवर बंदिस्त चष्मा हवा, आणि धूळ उडण्याचा संभव असेल तर एन-९५ दर्जाचा मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल हा मास्क नव्हे. ॲप्रन प्रयोगशाळेतच ठेवा. तो घरी नेऊन लेकराबाळांच्या कपड्यांत धुऊ नका.

सांडलेली पूड कधीही झाडूने लोटू नका. ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडके झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवा. लाकडाचा भुसा किंवा कागद टाकून गोळा करू नका. ही पूड स्वतः पेटत नाही, पण ती जोरदार ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे दुसऱ्याला पेटायला मदत करते. म्हणून अल्कोहोल, ग्लिसरीन, गंधक, साखर, कागद यांच्याशेजारी तिचा डबा नको. कुलपाच्या कपाटात, खालच्या फळीवर, ट्रेमध्ये ठेवा. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: 'विषारी. कर्करोगकारक. उघड्या हाताने स्पर्श करू नका.' प्रयोगशाळेत खाणे, चहा पिणे, तंबाखू मळणे संपूर्ण बंद. ही पूड एक-दोन ग्रॅम पोटात गेली तरी मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो.

कातडीवर पडली तर डागलेले कपडे उतरवून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. डोळ्यात गेली तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवा आणि डॉक्टरकडे जा. पोटात गेली तर उलटी करवू नका. डब्याची चिठ्ठी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा.

उरलेले द्रावण सिंकमध्ये नाही, वेगळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करायचे. जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली ते आम्लधर्मी करून, पीएच दोन-तीनच्या दरम्यान आणून, त्यात फेरस सल्फेट टाकतात. नारिंगी रंग जाऊन हिरवा झाला म्हणजे सहा संयुजेचे क्रोमियम तीनवर आले. मग चुन्याने पीएच आठ-नऊपर्यंत नेला की हिरवट गाळ खाली बसतो. तो गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत केंद्राकडे द्यायचा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. हे काम एकट्या परिचरावर ढकलू नये. रंग ओळखणे सोपे आहे, पण चूक झाली तर ती त्याच्याच अंगावर येते.

यात महागडे काय आहे? नायट्राइलचे मोजे, एक चष्मा, मास्क, ओले फडके, एक कॅन आणि मराठीत लिहिलेली चिठ्ठी. संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाइतकाही खर्च नाही. खर्च ही अडचण नाहीच. अडचण ही आहे की परिचराला सांगावे असे कुणाला वाटत नाही.

डब्यावरची चिठ्ठी इंग्रजीत असते. तिच्यावर कवटी, वर्तुळावरची ज्योत, छातीवर तारा फुटलेली मानवाकृती, हातावर ठिबकणारे द्रव, मेलेला मासा अशी चित्रे असतात. विभागप्रमुखांना ती समजतात. प्राध्यापकांना समजतात. विद्यार्थ्याला थोडीफार समजतात. जो सर्वांत जास्त वेळ त्या डब्यासोबत असतो, त्याला मात्र कुणी समजावत नाही. ज्याची मान्यता सर्वांत वर त्याला माहिती सर्वांत आधी, आणि ज्याचा हात विषाला सर्वांत जवळ त्याला सर्वांत शेवटी किंवा कधीच नाही. ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. ज्ञान वर अडवून धरायचे आणि घाण खाली सोडायची, ही या देशाची जुनी रीत प्रयोगशाळेच्या दारातून आत आली आहे, एवढेच.

ज्ञान असलेल्यालाही सावधगिरीत चूक महाग पडते, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांनी क्रोमियम पेशीत कसे शिरते यावर मोलाचे संशोधन केले. १९९६ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्याच एका रसायनाचे, डायमिथाइल मर्क्युरीचे, थेंब त्यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर पडले. ते मोज्यातून आरपार गेले. जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. मोजा होता, पण त्या विषासाठी योग्य नव्हता. त्यानंतर जगभरातील प्रयोगशाळांनी मोज्यांचे नियम तपासून पाहिले. एवढ्या विदुषीला मोज्याचा प्रकार न कळल्याने प्राण गमवावे लागले, तर ज्याला मोजाच दिला नाही त्याची काय कथा?

आता कायद्याकडे वळू. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी सुरक्षा माहितीपत्रक आणि डब्यावरची चिठ्ठी आवश्यक केली. क्रोमचे व्रण हा कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. पण महाविद्यालय म्हणते, आम्ही कारखाना नाही. म्हणजे तीच पूड, तोच हात, तोच व्रण. कारखान्यात झाला तर गुन्हा, विद्येच्या मंदिरात झाला तर नशीब!

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची तिसरी अनुसूची मात्र कारखाना की कॉलेज असे विचारत नव्हती. क्रोमियम किंवा त्याच्या विषारी संयुगांमुळे होणारे आजार तिच्या 'ब' भागात होते, आणि त्यासमोर काम लिहिले होते ते असे की संबंधित धोक्याशी संपर्क येणारे कोणतेही काम. सलग सहा महिने नोकरी झाली असेल तर तो आजार अपघातासारखा धरायचा. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. ठेकेदाराआड लपणाऱ्या मूळ मालकाला कलम १२ ने मोकळे सोडलेले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्या संहितेतही व्यावसायिक आजारांची यादी आहे. त्याच दिवशी लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता कर्मचाऱ्याला आपल्या आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क देते. ती आम्हाला लागू नाही असे संस्था म्हणतील. म्हणू द्या. तो वाद आपण लढू.

कारण या सर्वांच्या वर संविधान आहे. अनुच्छेद ३९ चा खंड (ङ) कामगारांच्या आरोग्याचा व ताकदीचा दुरुपयोग होऊ नये असे राज्याला बजावतो. अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती मागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचा आरोग्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, जे नंतर असेल तोपर्यंत, जपून ठेवा असा आदेशही त्या उद्योगांना दिला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. कामगाराचे आरोग्य हा आपल्या चळवळीचा उपरा विषय नाही, हे त्यातून कळले पाहिजे.

आमच्या दाव्यात माहितीच्या अधिकारात संस्थेची खरेदी नोंदवही मागितली. पाच वर्षांच्या नोंदीत पोटॅशियम डायक्रोमेटच्या ५०० ग्रॅमच्या बाटल्या दरवर्षी आहेत. हातमोज्यांची नोंद एकही नाही. परिचराच्या वैद्यकीय तपासणीच्या रकान्यात उत्तर आले, 'माहिती उपलब्ध नाही'. ती माहिती कधी तयारच केली गेली नाही, हेच आमचे म्हणणे आहे. दावा अजून चालू आहे. समोरचे वकील सिमेंटकडे बोट दाखवतात. आम्ही नोंदवहीकडे आणि तारखांकडे बोट दाखवतो. व्रण कॉलेजात असतानाचे आहेत, सिमेंट नंतरचे.

काही मित्र म्हणतील, अशाने आपली मुले विज्ञानाला घाबरतील. मुळीच नाही. आपली मुले प्रयोगशाळेत गेलीच पाहिजेत, आणि बाटली धुणाऱ्याच्या जागेवर नव्हे, तर प्रयोग ठरवणाऱ्याच्या जागेवर गेली पाहिजेत. पण तिथे पोहोचल्यावर मोजे न घातलेल्या परिचर काकांना त्यांनी विसरता कामा नये. विचारणारा विद्यार्थी हाच खरा विज्ञानाचा विद्यार्थी.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपापल्या तालुक्यातील अनुदानित शाळा, महाविद्यालय, माती परीक्षण व पाणी तपासणी प्रयोगशाळेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. २००५ चा कायदा आहे, १० रुपयांचा खर्च आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पाच गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत डायक्रोमेटसह कोणती घातक रसायने किती घेतली? त्यांची सुरक्षा माहितीपत्रके मराठीत परिचरांना दिली का? मोजे, चष्मे, मास्क किती घेतले आणि कुणाला दिले? परिचर व सफाई कामगारांची आरोग्य तपासणी कोणत्या तारखांना झाली? आणि उरलेले रसायन कोणत्या अधिकृत केंद्राला, कोणत्या पावतीने दिले? उत्तरे आली की ती प्राचार्यांपुढे ठेवा. आली नाहीत तर अपील करा. आणि अर्ज करण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतील परिचराला एकदा भेटा. त्याला म्हणा, हात दाखवा.